तीन तासांचा झेंडा

"लोकांना दात करून द्यायचे आणि मग त्यांनी त्याच दातांनी मला हसायचं, असा माझा जोडधंदा आहे," कोच म्हणतात. म्हणताना त्यांच्या हातात कुणाची तरी वरची कवळी असते. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत ते गेली पंचवीसएक वर्षं कवळ्या बनवतात. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर जबड्यांचे प्लास्टरचे साचे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, गॅसचा छोटा दिवा आणि पॉलिश करायची मोटर. मोटर सुरू झाली की भुकटी उडते आणि कोचांच्या भुवया पांढऱ्या होतात. येणाऱ्याला बसायला एकच स्टूल आहे, आणि त्यावरही बहुतेक वेळा कुणाचा तरी खालचा जबडा वाळत ठेवलेला असतो.

काम बैठं. बसून बसून पोट टेबलाला टेकलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पळायला सांगितलं. "चालायला सांगितलं होतं," त्यांची बायको दुरुस्ती करते. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे आणि मापाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. "चालायलाच. यांना कुठलीही गोष्ट जेवढ्यास तेवढी करायची सवय नाही."

पन्नाशी ओलांडलेल्या कोचांनी पहिल्या दिवशी मैदानाची अर्धी फेरी मारली आणि उरलेला वेळ बुटाची नाडी बांधण्यात घालवला. तिसऱ्या वर्षी ते एकवीस किलोमीटरची शर्यत पुरी करू लागले होते. ते पोचेपर्यंत फोटोवाले सामान आवरून निघालेले असत. त्यामुळे त्यांनी शर्यत पुरी केल्याचा पुरावा फक्त त्यांच्या गुडघ्यांमध्ये आहे.

आता हे गृहस्थ कोच कसे झाले? मैदानावर सकाळी धावणाऱ्यांचा बारा-पंधरा जणांचा गट होता आणि त्यांना शिकवणारा एक खरा, शिकलेला प्रशिक्षक होता. तो बदली होऊन गेला. मैदानाच्या फाटकाची किल्ली कुणाकडे तरी द्यायला हवी होती. हे समोरच राहायचे, म्हणून पहारेकऱ्याने ती यांच्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी फाटक उघडून हे आत उभे, बाकीचे यांच्यासमोर उभे. कुणीतरी विचारलं, "मग आज काय करायचं?" हे म्हणाले, "चार फेऱ्या मारू." झाले कोच. बायकोने हे नाव चिडवण्यासाठी ठेवलं होतं, ते चिकटलं.

त्या वर्षाचा हिशेब ते आता स्वतःच देतात, आणि त्यात जमेची बाजू शोधावी लागते. त्यांनी सगळ्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं, तर बँकेत काम करणारा एक गृहस्थ इतकं प्यायला की लांब पल्ल्याच्या दिवशी तो रस्त्यापेक्षा झुडपांमागेच जास्त दिसला. बूट अंगठ्याभर मोठे घ्या म्हणाले, तर अंगठा कुणाचा ते सांगायचं राहिलं. "खांदे सैल सोडा!" असं ते वर्षभर ओरडत होते. बायकोने एकदा मोबाइलवर चित्रण करून दाखवलं, तर ओरडणाऱ्याचे स्वतःचे खांदे कानांना टेकलेले होते. पडायचं कसं नाही हे समजावून सांगताना ते सपाट जमिनीवर पडले.

"कवळीचं बरं असतं," ते म्हणतात. "आधी मेणात दात लावतो, माणसाच्या तोंडात बसवून बघतो. नाही जमलं तर मेण वितळवतो, पुन्हा लावतो. इथे माणूस एकदा पळत सुटला की वितळवता येत नाही."

त्यांनी शिकवलेली एकच गोष्ट खरोखर उपयोगाची निघाली. चार मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, पुन्हा चार मिनिटं धावायचं. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं. "चालण्यात लाज कसली?" हे त्यांचं आवडतं वाक्य. गटातल्या सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

सगळ्यात नीट ते पाठ केलं होतं त्यांच्या थोरल्या वहिनींनी.

वहिनी साठीच्या उंबरठ्यावर आहेत. बाजाराच्या कडेला त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे: पॅंटची उंची कमी करणं, चेन बदलणं, वजन वाढलेल्यांच्या शिवणी उसवून देणं. शिलाई मशीनवर बसून पाठ धरली म्हणून त्या मैदानावर यायला लागल्या. कोच त्या वेळी कोच नव्हते, नुसते भावजी होते. आदल्या वर्षी वहिनींनी फारशी तयारी न करता एकवीस किलोमीटरमध्ये नाव घातलं, आणि सतराव्या किलोमीटरला त्यांना बसने उचललं.

ही बस समजून घ्यायला हवी. त्या शर्यतीत काही धावपटूंच्या पाठीवर वेळेचे झेंडे बांधलेले असतात. ज्याला दोन तासांत पोचायचंय त्याने दोन तासांच्या झेंड्यामागे धावायचं. सगळ्यात शेवटचा झेंडा तीन तासांचा. त्याच्या मागे रिकामी बस चालते आणि मागे पडलेल्यांना गोळा करते. बसमध्ये चढलं की छातीवरचा नंबर काढून द्यायचा. तीन तासांचा झेंडा शेवटच्या रेषेच्या आत आला की मागे दोरी ओढली जाते आणि शर्यत संपते.

वहिनी त्या बसमधून, रस्त्यात लावायच्या प्लॅस्टिकच्या शंकूंच्या शेजारी बसून, स्वतःच्या दुकानासमोरून गेल्या. "लोक हात हलवत होते," त्या सांगतात, "जसं काही मी निवडून आले होते." त्यानंतर वर्षभर दुकानात येणारा प्रत्येक जण पॅंट पुढे करायच्या आधी विचारायचा, "काय ताई, बस मिळाली का?" भाजीवाला विचारायचा. समोरचा चष्मेवाला रोज विचारायचा. थोरले दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, एरवी घरात चार शब्द बोलत नाहीत. त्यांनीही एकदा जेवताना विचारलं आणि त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा वाढलं गेलं नाही.

वहिनी भावजींना एवढंच म्हणाल्या होत्या, "मेडल मिळो न मिळो. त्या बसमध्ये पुन्हा बसायचं नाही मला. जमेल का ते सांगा."

"जमेल," कोच म्हणाले. कवळीच्या बाबतीत ते कधी असा शब्द देत नाहीत. वरची टाळ्याला धरून बसते, खालचीचा भरवसा नसतो, असं ते गिऱ्हाइकाला आधीच सांगतात. इथे मात्र बोलून गेले.

आणि वहिनींचं खरंच जमत चाललं होतं. शर्यतीच्या तीन आठवडे आधी त्यांनी कोचांबरोबर अठरा किलोमीटरचा सराव केला, चार-एक, चार-एक करत, वेळेच्या आत आणि गप्पा मारत. त्याच सुमारास शर्यतीचे आयोजक कोचांकडे आले. गळ्यात कायम शिट्टी असल्यामुळे त्यांना सगळे शिट्टीवाले म्हणतात. तीन तासांचा झेंडा घ्यायला कुणी तयार नव्हतं. जो तो म्हणे, एवढं हळू मला जमणार नाही.

"तुम्हाला जमेल," शिट्टीवाले म्हणाले.

"मंदपणाबद्दल मला मिळालेलं हे पहिलं प्रमाणपत्र," कोच सांगतात. वहिनींना तर ही बातमी म्हणजे दुधात साखर. बसच्या पुढे झेंडा, झेंडा घरच्याच माणसाच्या पाठीवर. आता झेंड्याला चिकटून राहिलं की झालं.

शर्यतीच्या सकाळी कोचांच्या पाठीवर काठी बांधली गेली, वर पिवळा झेंडा, त्यावर मोठा तीनचा आकडा. वहिनींचा नंबर इतरांसारखा पिनांनी लावलेला नव्हता. त्यांनी तो शर्टाला चारी बाजूंनी दुहेरी टीप मारून शिवून टाकला होता. "पिना टोचतात," त्या म्हणाल्या. बँकवाला म्हणाला, "ताई, बसवाल्याने मागितला तर कसा देणार?" वहिनी म्हणाल्या, "देण्यासाठी शिवलाय का?"

पहिली चार मिनिटं झाली. आता एक मिनिट चालायचं. कोचांनी आजूबाजूला पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती कोचांकडे बघून टाळ्या वाजवत होती. एक आजोबा तर खुर्चीतून उठून उभे राहिले. पाठीवर झेंडा, समोर टाळ्या, आणि सुरुवात होऊन चार मिनिटं झालेली. अशात चालायला लागायचं?

"चालण्यात लाज कसली, हे मी वर्षभर शिकवलं," कोच म्हणतात. "लाज कसली ते त्या दिवशी कळलं. चांगली गळ्यापर्यंत येते."

ते चालले नाहीत. पुढच्या वेळी पूल होता आणि पुलावर बँडवाले होते, तेव्हाही चालले नाहीत. नंतर तर विषयच निघाला नाही. पाय हलके होते, हवा गार होती, झेंडा फडफडत होता. मागून वहिनींनी "भावजी! अहो भावजी!" अशा दोन-तीन हाका मारल्या. कोचांना वाटलं, वहिनी उत्तेजन देताहेत. त्यांनी मागे न बघता हात उंच केला आणि आणखी जोरात धावले.

वहिनी शिकवल्याप्रमाणे चार मिनिटं धावत होत्या आणि एक मिनिट चालत होत्या. त्यांच्याबरोबरचे सात-आठ जणही तसंच करत होते. झेंडा पुढे गेला, मग वळणाआड गेला. चौदाव्या किलोमीटरला बसच्या ड्रायव्हरच्या लक्षात आलं की झेंडा कुठेच दिसत नाही, आणि मागून बस वेगाने आली.

पंधराव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं आणि टेबलामागे कोचांची बायको पेले भरत होती. नवरा येताना दिसला तेव्हा तिने आधी घड्याळ पाहिलं आणि मग त्याच्या मागचा रस्ता पाहिला.

"काय वेग आहे बघ!" कोच धापा टाकत म्हणाले. "आयुष्यात एवढा बरा धावलो नाही मी."

"ते दिसतंय. माणसं कुठे टाकलीत?"

"येताहेत मागून."

"कशातून?"

कोचांनी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर धावणारं एकही माणूस नव्हतं. पन्नासेक पावलांवर बस उभी होती, इंजिन चालू, खिडक्यांमधून ओळखीचे चेहरे. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीशी, वहिनी बसल्या होत्या. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्या समोर बघत होत्या, आणि कोच सांगतात, तेच जास्त वाईट होतं.

कोच बसकडे धावले. "अहो, यांना का उचललंत? ही माणसं वेळेत आहेत!"

ड्रायव्हर शांत मनुष्य होता. "मला एकच सांगितलंय. तीन तासांचा झेंडा दिसतोय ना, त्याच्या मागे पन्नास पावलं राहायचं. तुम्ही पळालात, मी आलो. मधे जो सापडला तो घेतला."

"घड्याळ बघायचं की!"

"घड्याळ तुम्ही बघायचं, साहेब. मी झेंडा बघतो."

बसमधून एक बाई ओरडल्या, "तीन तासांचा झेंडा म्हणे! तीन तासांत परगावी पोचेल हा माणूस!" मागच्या सीटवर बँकवाला होता. तो म्हणाला, "कोच, चिडू नका, पण मला पहिल्यांदाच झुडूप लागलं नव्हतं आज."

कोच खिडकीखाली जाऊन उभे राहिले. "वहिनी."

"बोला."

"चूक झाली."

"नंबर मागत होते," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, शर्टासकट घ्या. मग गप्प बसले." आणि त्यांनी कोचांकडे पाहिलं. "भावजी, चालायला काय झालं होतं तुम्हाला?"

"लोक टाळ्या वाजवत होते."

वहिनी पुन्हा समोर बघायला लागल्या. मागे पाण्याच्या टेबलाजवळ बायकोने "अरे देवा" म्हटलेलं मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

मग बसमध्ये सभा भरली. बँकवाल्याचं म्हणणं, इथेच उतरू आणि इथूनच पुढे धावू. वेळ अजून आहे. बसमधून किलोमीटर-दीड किलोमीटर आलोय, ते कोण मोजतंय?

"मी मोजतेय," वहिनी म्हणाल्या आणि उतरल्या. "मला कारखान्याच्या भिंतीपाशी उचललं. मी तिथून धावणार."

"वहिनी, तेवढं मागे जाऊन पुन्हा यायचं म्हणजे तीन तासांत बसणार नाही."

"मग नाही बसणार. गिऱ्हाइकाची पॅंट चुकीच्या जागी कापली तर खालून चिंधी जोडून देत नाही मी. चला, बाजूला व्हा."

त्या मागे चालायला लागल्या. कोच झेंड्यासकट त्यांच्या मागे निघाले. एवढं एकच त्यांना सुचलं, आणि तेही विचार करून सुचलं नव्हतं. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, "ओ साहेब! झेंडा इकडे चालला तर मी कुठे जाऊ?"

"तुम्हाला काय सांगितलंय?"

"झेंड्याच्या मागे राहायचं."

"मग राहा."

ड्रायव्हरने क्षणभर विचार केला, आरसा नीट केला आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकली. मग त्या बंद रस्त्यावरून ही मिरवणूक उलटी निघाली. सगळ्यात आधी पीं पीं करत मागे मागे जाणारी बस, तिच्यातून प्रत्येक जण आपापली जागा आली की "इथे, इथे" म्हणून उतरतोय. बसपासून पन्नास पावलं राखून चालणाऱ्या वहिनी, त्यांना बसमध्ये "बसा" म्हणायची कुणाची छाती नव्हती. आणि त्यांच्यामागे पाठीवर झेंडा घेतलेले कोच. मघाशी इथेही एका आजोबांनी खुर्चीतून टाळ्या वाजवल्या होत्या, ते अजून तिथेच होते. या वेळी त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी घरातल्यांना हाक मारली.

कारखान्याच्या भिंतीपाशी वहिनींनी रस्त्यावर उभं राहून बुटाची नाडी पक्की केली, घड्याळाकडे पाहिलंच नाही, आणि धावायला लागल्या. बाकीचे आपापल्या जागेवरून निघाले. कोच सगळ्यांच्या मागे राहिले. चार मिनिटांनी वहिनी चालायला लागल्या, कोचही चालायला लागले. सगळ्या रस्त्यासमोर, पाठीवर झेंडा घेऊन.

पहिले पंधरा किलोमीटर वेड्यासारखे धावल्याची वसुली आता सुरू झाली. अठराव्या किलोमीटरला कोचांच्या पोटऱ्यांत गोळे आले. ते काही सांगायला जाणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भावजी, आता सल्ला नको."

"सल्ला नाही. पाय धरलाय माझा."

"मग चाला. चालण्यात लाज कसली?"

बाजाराची कडा आली. चष्मेवाला दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्याने तोंड उघडलं, वहिनींना पायांवर येताना पाहिलं, मागे लंगडणारा झेंडा पाहिला, त्याच्या मागे बस पाहिली, आणि नक्की काय विचारावं हे न कळून तोंड मिटलं.

शेवटच्या रेषेपाशी शिट्टीवाले दोरी हातात घेऊन उभे होते. तीन तास होऊन बराच वेळ झाला होता. मंचावरचे पाहुणे निघून गेले होते, मांडववाले खांब उपटत होते. तीन तासांचा झेंडा लांबून चालत येताना दिसला तेव्हा शिट्टीवाल्यांनी शिट्टी फुंकली, मग नुसतेच ओरडले, "कोच! हा तीन तासांचा झेंडा आहे!"

"दोरी ओढू नका," कोच लांबूनच ओरडले. "झेंडा आत यायचाय अजून!"

"अहो, वेळ संपली!"

"झेंडा आल्यावर ओढायची असं तुम्हीच सांगितलंय!"

नियम शिट्टीवाल्यांचा होता, स्वतःच्या हाताने लिहिलेला. त्यांनी दोरी धरून ठेवली. बँकवाला आत गेला, मघाशी ओरडलेल्या बाई आत गेल्या, एकेक करून बाकीचे गेले. मग वहिनी गेल्या, धावत. कोच रेषेच्या दोन पावलं अलीकडे थांबून मागे कुणी राहिलंय का ते बघत होते. कुणी नव्हतं. मग ते आत आले आणि दोरी ओढली गेली.

निकालाच्या यादीत वहिनींच्या नावापुढे 'वेळेबाहेर' असं आलं. ते त्यांनी तिथेच, कठड्यावर बसून, बूट काढत ऐकलं आणि "बरोबर आहे" म्हणाल्या. मेडलच्या खोक्यात मेडलं उरलेलीच होती. शिट्टीवाल्यांनी रागारागाने प्रत्येकाच्या गळ्यात एकेक घातलं, कोचांना सोडून, आणि पुन्हा झेंडा म्हणून मागायला आलात तर बघा, अशी तंबी देऊन ते हिशेब चुकते करायला निघून गेले. कोचांनी झेंडा मागितलाच नव्हता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

घर तीन किलोमीटरवर. रस्ते अजून बंद, रिक्षा नाही. वहिनींचे पाय बुटात परत जायला तयार नव्हते. मागून बस येऊन थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "मी त्याच बाजूला जातोय. बसा, सोडतो."

कोचांनी घाईघाईने सांगितलं, "नको, नको. वहिनी या बसमध्ये बसत नाहीत."

"कोण म्हणालं?" वहिनी बूट हातात घेऊन उठल्या.

"अहो, बाजारातून जाईल ती. लोक बघतील."

"बघू देत. मेडल काचेला लावून बसते." त्या पायरी चढल्या, खिडकीजवळची मघाचीच जागा झटकली आणि बसल्या. "या, भावजी. उभे काय राहिलात? आता कुणी टाळ्या वाजवत नाहीये."

कोच लंगडत दारापाशी आले. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, तर पाठीवरची काठी वर दाराला अडकली. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

"साहेब, आधी तो झेंडा सोडून खाली ठेवा," तो म्हणाला. "तो आत आला, तर मी गाडी कुणाच्या मागे न्यायची?"